इतिहासकाराचे श्राद्ध कोणी घालायचे?

आगरदांड्याच्या धक्क्याला फेरीबोट लागली की आधी दुचाक्या घरघरत उतरतात, मग गाड्या आणि शेवटी पिशव्या सावरत माणसे. खाडीपलीकडे दिघी. तिथून रस्ता दिवेआगर, श्रीवर्धन करत हरिहरेश्वराला जातो. या बोटीतले सगळेच काही समुद्रावर मजा करायला निघालेले नसतात. हरिहरेश्वराला दक्षिण काशी म्हणतात आणि कोकणातली कितीतरी घरे आपल्या माणसाचे पिंडदान तिथे करतात. एकाच बोटीत शनिवार-रविवार साधायला आलेले मुंबईकर असतात आणि अस्थींचे गाठोडे मांडीवर घेऊन बसलेला एखादा मुलगाही असतो.

आगरदांड्याहून उलट, राजपुरीकडे निघाले तर वाटेत खोकरीचे घुमट लागतात. तीन दगडी कबरी, जंजिऱ्याच्या सिद्दींच्या. सगळ्यांत मोठी सिद्दी सुरूलखानाची. ती त्याने हयातीतच बांधून घेतली, असे सांगतात. दुसरी याकूतखानाची, म्हणजे ज्याने १६८९ साली मुंबईला वेढा घालून इंग्रजांना जेरीस आणले त्या सिद्दी कासमची. तिसरी त्याचा भाऊ खैरियतखान याची. या कबरींच्या देखभालीसाठी आणि तिथल्या कुराणपठणासाठी जंजिरा संस्थानाने सावली-मिठागर या गावाचा वसूल लावून दिला होता. आठवण कोणी ठेवायची, कोणत्या दिवशी, कोणत्या गावच्या पैशातून, याचा चोख बंदोबस्त.

राजांची सोय राज्य लावते, बापाची मुलगा. इतिहासाच्या प्राध्यापकाची कोण लावणार?

प्रश्न वाटतो तितका थट्टेचा नाही. सर गेल्याची बातमी येते, विद्यार्थी जमतात, महाविद्यालयाच्या सभागृहात हार घातलेली तसबीर आणि समोर उदबत्ती. मग भाषणे. सरांची स्मरणशक्ती अफाट होती, सरांनी कधी कोणाचे मन दुखावले नाही, सरांच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण झाली. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊक असते की सरांनी बऱ्याच जणांची मने दुखावली होती. प्रबंधाचे प्रकरण 'हे कशावरून?' असे लाल शाईत लिहून तीनतीनदा परत केले होते. ज्या माणसाने हयातभर शिकवले की आठवण म्हणजे पुरावा नव्हे, ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय लिहायची नाही, समकालीन कागद आणि शंभर वर्षांनंतरची बखर एका तागडीत घालायची नाही, त्याच माणसाला आपण ऐकीव, न तपासलेल्या, गोड करून सांगितलेल्या आठवणींत पुरतो. भक्तीच्या भरात गुरूचीच शिकवण गुरूच्या तसबिरीसमोर मोडली जाते. हे श्राद्ध मानायचे की अपराध?

हा किनारा अशा प्राध्यापकांची परीक्षाच घेतो. राजपुरीहून होडीने जंजिऱ्यात गेले की वाटाड्या कलालबांगडी तोफ दाखवतो आणि किल्ल्यावर ५७२ तोफा होत्या असा आकडा ठोकून देतो. सहलीला आलेली मुले वहीत उतरवून घेतात. चांगला शिक्षक तिथेच विचारतो, कोणत्या यादीत? पण त्याचे खरे कसब पुढच्या प्रश्नाला लागते, कारण मुले विचारतातच, 'सर, महाराजांनी जंजिरा घेतला ना?' नाही घेतला. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले. संभाजी महाराजांनी १६८२ साली खाडीत भराव टाकून किल्ल्यापर्यंत वाट करायचे साहस केले. तरी जंजिरा सिद्दीकडेच राहिला, थेट १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत. समोर महाराजांचा पद्मदुर्ग दिसत असतो. त्याच्याविषयी महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे, १८ जानेवारी १६७५ चे, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले. पद्मदुर्गाच्या आरमारासाठी पैका आणि धान्य पोचवायचा हुकूम होता, सुभेदाराने तो पाळला नाही. महाराज त्याला फाडून खातात. हबशाने, म्हणजे सिद्दीने, काही देऊन तुला आपला चाकर केले असेल, असा सरळ संशय घेतात आणि ब्राह्मण म्हणून गय होणार नाही, हेही बजावतात. हे पत्र समोर असले की पद्मदुर्ग नुसता अभिमानाचा विषय राहत नाही. त्यात रसद येते, दिरंगाई येते, लाचेचा वास येतो. असे शिकवणारा माणूस महाराजांवर कमी प्रेम करतो असे ज्यांना वाटते, त्यांना त्याचा तास कधी मिळालेला नसतो.

आता धर्मशास्त्र काय म्हणते ते पाहू. विद्यार्थी हा परका माणूस आहे, असे ते मुळीच मानत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आचार्य वारला तर शिष्याला तीन रात्रींचे अशौच सांगितले आहे. ब्रह्मचाऱ्याने एरवी प्रेताला खांदा द्यायचा नसतो, पण आपल्या आचार्याचे प्रेत वाहिले तर त्याचे व्रत मोडत नाही. गौतम धर्मसूत्र आणखी पुढे जाते. पुत्र नसेल तर पिंड कोणी द्यायचा, याची यादी देताना सपिंड, आईकडचे सपिंड यांच्याबरोबरच ते शिष्याचे नाव घेते; आणि तेही नसतील तेव्हा ऋत्विज आणि आचार्य. म्हणजे शिष्याने गुरूचे करायचे, तसेच वेळ आली तर गुरूने शिष्याचेही. पितृपक्षातल्या महालयातही आईबापांबरोबर गुरूला आणि शिष्याला पिंडाचा वाटा असतो. तैत्तिरीय संहितेत माणूस, म्हणजे तिथल्या शब्दांत ब्राह्मण, तीन ऋणे घेऊन जन्मतो असे म्हटले आहे. देवांचे ऋण यज्ञाने फेडायचे, पितरांचे संततीने आणि ऋषींचे ब्रह्मचर्याने, म्हणजे विद्याभ्यासाने. तिसऱ्या ऋणाची फेड तीळ, तांदूळ, दर्भ यांत सांगितलेली नाही, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. ती अध्ययनातच करायची आहे. आणि इतिहासाच्या अध्ययनात गुरूचे वाक्यही तपासाला घ्यावे लागते.

रायगड जिल्ह्याने महाराष्ट्राला इतिहासवेडी माणसे फार दिली. दत्तो वामन पोतदार महाडजवळच्या बिरवाडीचे. फारसी आणि मोडी कागदांवर हयात घालवलेले, 'संशोधकाचा मित्र' नावाचे हाताशी ठेवायचे पुस्तक लिहिणारे ग. ह. खरे पनवेलचे. आणि या सगळ्यांचे आद्य गुरू विश्वनाथ काशिनाथ राजवाडे पेणजवळच्या वरसईचे, जन्म १८६३. राजवाडे रूढ अर्थाने प्राध्यापक नव्हते. पत्नी लवकर गेली, त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. अंगावर घोंगडी, हाती पोळीभाजीपुरता पैसा आणि डोक्यात मोडी दप्तरे, अशा थाटात गावोगाव हिंडले. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड काढले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले, पुढे त्याच मंडळींशी बिनसले आणि धुळ्याची वाट धरली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच गेले. वर्ष पालटते न पालटते तोच, जानेवारी १९२७ मध्ये, भास्कर वामन भट आणि इतर धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन केले. मुलगा नाही, घर नाही. मागे राहिले ते कागदांचे रुमाल. मंडळाने ते सांभाळले आणि १९९० च्या दशकात त्यांचे समग्र साहित्य खंडाखंडाने छापले. गौतमाच्या यादीतला शिष्य तो हाच.

पण राजवाड्यांची आठवण काढताना त्यांनीच घालून दिलेली एक अडचण आहे. ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर म्हणजे शाहू, बाजीराव, आंग्रे यांना गुरुस्थानी असलेले सत्पुरुष. १७२७ साली सिद्दी सातने चिपळूणजवळचे परशुरामाचे देऊळ फोडले. त्यानंतर स्वामी कोकण सोडून घाटावर गेले आणि मराठ्यांच्या जंजिरा मोहिमेमागे त्यांचीच प्रेरणा, असे चित्र रूढ झाले. द. ब. पारसनिसांनी स्वामींचे चरित्र भाविकपणे लिहिले. राजवाड्यांनी साधनांच्या तिसऱ्या खंडात स्वामींचाच पत्रव्यवहार पुढे ठेवला आणि कर्जे, व्याज, वसुलीचे तगादे यांनी भरलेल्या त्या कागदांवरून या थोरवीवर कठोर प्रश्न उभे केले. पेशव्यांच्या गुरूलाही त्यांनी सवलत दिली नाही. मग राजवाड्यांना कोणी का द्यावी?

आणि राजवाड्यांच्या खात्यावर जमा होणाऱ्या सगळ्याच नोंदी गौरवाच्या नाहीत. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी जे लिहिले, त्याला प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९१८ साली 'कोदंडाचा टणत्कार' करून उत्तर दिले. हे प्रबोधनकारही पनवेलचेच. कागदासाठी जिवाचे रान करणारा हा पुरुष जातीचा विषय निघाला की कागदाच्या पलीकडे धावे, अनुमानांचे इमले रचत सुटे, हे मान्य केल्याशिवाय त्यांच्याविषयी बोलणे म्हणजे केवळ आरती. राजवाड्यांचा फोटो भिंतीवर लावून 'कोदंडाचा टणत्कार' कपाटात कुलूपबंद ठेवणारा संशोधक राजवाड्यांचा शिष्य म्हणवून घ्यायला लायक नाही.

हे बोलणे उद्धट वाटत असेल तर तैत्तिरीय उपनिषदाची शीक्षावल्ली उघडावी. विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य निरोपाचा उपदेश करतात. खरे बोल, धर्माने वाग, आईबापांना देव मान, आचार्यालाही देव मान. आणि लगेच पुढे सांगतात की आमची जी चांगली वागणूक असेल तेवढीच उचल, बाकीची नको. आचार्याला देव मान म्हणणारे आणि आमच्यातले निवडून घे म्हणणारे तोंड एकच आहे. निवडायचे म्हणजे तोलायचे आणि तोलायचे म्हणजे गुरूच्या चुका दिसू द्यायच्या. समावर्तनाच्या दिवशी गुरूच ही मोकळीक देऊन ठेवतो. आपल्या शोकसभांत मात्र ती वापरायला कोणी धजत नाही.

यावर एक आक्षेप निघतो आणि तो खरा आहे. माणूस गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तळटिपा तपासत बसायचे का? दुःखाला काही हक्क आहेच. ज्याने आपल्याला मोडीचे पहिले अक्षर लावायला शिकवले, वसतिगृहाची फी कमी पडली तेव्हा गुपचूप भरली, त्याच्याविषयी गळा दाटून चार शब्द जास्तीचे निघाले तर इतिहासाचे आकाश कोसळत नाही. शिवाय आठवण पुरावा नसली तरी साधन असतेच. चांगल्या शिक्षकाच्या विद्येतला मोठा भाग त्याच्या पुस्तकांत उतरतच नाही. कागद उजेडासमोर धरून त्याची वीण कशी पाहायची, नंतर घुसडलेली ओळ शाईच्या रंगावरून कशी ओळखायची, मिती आणि वार जुळत नसतील तर जंत्री उघडून लेखनिक चुकला की पत्रच बनावट हे कसे ठरवायचे, ही सगळी हातची विद्या आहे. ती विद्यार्थ्यांच्या आठवणीत असते आणि त्यांच्याबरोबरच जाते. तेव्हा आठवणी सांगाव्यात, भरपूर सांगाव्यात. फक्त सरांनी सांगितले असते तशा. कोणत्या साली, कोणत्या वर्गात, स्वतः ऐकले की दुसऱ्याकडून कळले. 'सर एकदा म्हणाले' एवढ्यावर सरांनी कोणाला पास केले नसते.

आठवणींशी प्रेमाने केलेली ढवळाढवळ काय करते, याचे उदाहरणही वरसईतच आहे. राजवाड्यांच्याच गावचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकले, झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि पुढे चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून सगळे लिहून काढले. वैद्यांनी 'माझा प्रवास' १९०७ साली छापले, तेव्हा गोडसे भटजी हयात नव्हते. वैद्य विद्वान, हेतूही चांगला. पण त्यांनी भाषा सुधारली, काही मजकूर गाळला, काही बदलला. लोकांनी तोच ग्रंथ अस्सल म्हणून वाचला. जवळजवळ ६० वर्षांनी, १९६६ साली, बिरवाडीच्या पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून भटजींचा खरा मजकूर छापला, तेव्हा भटजी स्वतःच्या बोलीत बोलू लागले. एका मेलेल्या माणसाचे ऋण एकाने अर्धे फेडले, उरलेले दुसऱ्याने.

फ्रान्समध्येही असेच झाले. मार्क ब्लॉक हा मध्ययुगाचा मोठा इतिहासकार, जन्माने ज्यू. जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लढ्यात पकडला गेला आणि १६ जून १९४४ रोजी गोळ्या घालून मारला गेला. १९४१ सालीच त्याने मृत्युपत्र करून ठेवले होते. माझ्या थडग्यापाशी हिब्रू प्रार्थना म्हणू नका, असे त्यात लिहिले. कारण ज्यू असल्याची त्याला लाज होती असे मुळीच नाही. वंशद्वेष्ट्यांसमोर तो स्वतःला ज्यूच म्हणवत होता. पण ज्या श्रद्धेवर आपला विश्वास नाही तिचे मंत्र आपल्यावर म्हणवून घेणे त्याला खोटेपणाचे वाटत होते. दगडावर एवढेच कोरा, की याने सत्यावर प्रेम केले. श्राद्धाच्या प्रश्नावर इतिहासकाराने दिलेले इतके सडेतोड उत्तर दुसरे सापडणे कठीण. मागे त्याचे एक अपुरे पुस्तक राहिले, इतिहासकाराच्या कसबाविषयीचे. त्याचा जिवलग सहकारी ल्युसियँ फेव्ह्र याने ते १९४९ साली प्रसिद्ध केले. १९९३ साली ब्लॉकच्या मुलाने, एत्येनने, हस्तलिखिते समोर ठेवून नवी आवृत्ती काढली तेव्हा फेव्ह्रचा हातही मजकुरावर फिरला होता, हे उघड झाले. मित्राने प्रेमापोटी केलेले संपादन मुलाने दुरुस्त केले.

आपल्याकडे अपुऱ्या पुस्तकाची याहून विलक्षण गोष्ट घडली. त्र्यंबक शंकर शेजवलकर हे राजापूर तालुक्यातल्या कशेळीचे, जन्म १८९५. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मराठ्यांचा इतिहास शिकवत. स्वभाव तिखट. पानिपतावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४६ साली आला, मराठी १९६१ साली. कोकणच्या इतिहासाची पार्श्वभूमीही त्यांनी लिहिली. शिवाजी महाराजांचे मोठे चरित्र लिहायचे होते. वर्षानुवर्षे साधने जमवली, आराखडा केला, प्रस्तावना लिहिली. चरित्र लिहायचे राहिले आणि २८ नोव्हेंबर १९६३ रोजी शेजवलकर गेले.

अशा वेळी शिष्यांना आणि प्रकाशकांना मोह कोणता होतो, हे सांगायला नको. टिपणे हाताशी आहेत, सरांची शैली ठाऊक आहे, चार जणांनी बसून उरलेले लिहून टाकू, नाव सरांचेच घालू. १९६४ साली मराठा मंदिराने 'श्री शिवछत्रपती' प्रसिद्ध केले, ते जसे होते तसे. संकल्पित शिवचरित्राची प्रस्तावना, आराखडा व साधने, असे त्यावर स्वच्छ लिहिलेले. आत चरित्र नाही. इमारत नाही, नकाशा आहे आणि आवारात रचून ठेवलेला चिरा आहे. १९६६ साली याच पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखक तीन वर्षांपूर्वी गेलेला आणि ग्रंथ कधी लिहिलाच न गेलेला! त्याच काळात सरकारने शिवचरित्राचे काम पोतदारांकडे सोपवले होते. तेही पुरे झाले नाही. भटजींचा मजकूर जगापुढे आणणाऱ्या पोतदारांच्या आठवणीत ही नोंदही राहायला हवी, कारण वर्षानुवर्षे लोकांनी त्यावरून त्यांना छेडले आणि त्यात तथ्य होते.

शेजवलकरांच्या त्या पुस्तकातली साधने पुढच्या संशोधकांनी वापरली, काही निष्कर्ष मान्य केले, काही खोडून काढले. जुन्या मराठीचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांच्या बाबतीत तर अपुरे काम पुरे करणारी व्यक्ती साता समुद्रापलीकडची निघाली. दिवेआगरचा शके ९८२ चा ताम्रपट म्हणजे आगरदांड्यासमोरच्या किनाऱ्यावरचा लेख. अशा जुन्या मराठी कोरीव लेखांचा संग्रह तुळपुळ्यांनी १९६३ साली सिद्ध केला होता. प्राचीन मराठीचा कोश हे त्यांचे अखेरचे मोठे काम. १९९४ साली ते वारले तेव्हा कोश छापून झालेला नव्हता. त्यांच्याबरोबर अनेक वर्षे काम करणाऱ्या अमेरिकन अभ्यासक ॲन फेल्डहाउस यांनी तो तडीस नेला आणि १९९९ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने तो काढला. मुखपृष्ठावर दोघांची नावे आहेत, आधी तुळपुळ्यांचे. पिंडाच्या अधिकाऱ्यांची यादी करणाऱ्या गौतमाला अशी शिष्या स्वप्नातही आली नसेल.

गावोगावच्या महाविद्यालयांतल्या कमी नामांकित प्राध्यापकांचे मात्र याहून कठीण असते. त्यांचे समग्र वाङ्मय कोणी काढत नाही. मागे राहतात ती समासात शिसपेन्सिलीने टिपा केलेली पुस्तके, अर्धवट टाचणे, एखाद्या पडक्या वाड्यातून उतरवून आणलेल्या मोडी कागदांच्या नकला आणि ट्रंकभर पत्रे. फ्लॅटमध्ये जागा नसते. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरची माणसे ट्रंकेला हात लावत नाहीत, त्यानंतर रद्दीवाल्याला बोलावतात. विद्यार्थ्यांनी यायचे असेल तर त्या वर्षाच्या आत यायला हवे आणि येताना हाराऐवजी कोरी वही आणायला हवी. कोणते पुस्तक, कोणती आवृत्ती, कोणत्या पानावर सरांची टीप, टीप बरोबर की चूक. मग ते रुमाल पुण्याच्या मंडळात द्यायचे, धुळ्याला द्यायचे की तालुक्याच्या वाचनालयात ठेवायचे, यावर विद्यार्थ्यांत भांडणे होतील. राजवाड्यांच्या मंडळींतही ती झालीच होती.